रेल्वे मॉडेलच्या प्रदर्शनात २८ मिमीवाल्याने काय घ्यावं?

रंगपेटी: जानेवारीअखेरीस वेस्ट स्प्रिंगफिल्डला (मॅसॅच्युसेट्स) अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं प्रदर्शन भरतं, तिथे जायचं म्हणतोय. इंजिनं-रूळ काही नको. टेबलावर खेळायच्या २८ मिमी मापाच्या चिमुकल्या सैनिकांसाठी घरं, झाडं, गवत हवंय. एचओचं (रेल्वे मॉडेलचं एक छोटं स्केल) चालेल, की सगळं बुटकं दिसेल?

डेपोमास्तर: दार मोजा. खरं दार २.१ मीटर धरलं तर एचओत (१:८७) ते २४ मिमी, एसमध्ये (१:६४) ३३, अमेरिकन ओमध्ये (१:४८) ४४. तुमचा सैनिक डोळ्यांपर्यंत २८, डोक्यापर्यंत ३१-३२, शिवाय बेसचे (पायाखालच्या चकतीचे) ३. झाले ३५. म्हणजे एचओचं दार त्याच्या छातीला लागणार. एस कागदावर जुळतं, पण बेसमुळे डोकं चौकटीला आपटतं. घरं ओचीच घ्या, दार जरा उंच दिसेल पण खटकत नाही.

झाडांचं तसं नाही. एचओचं १२ सेमीचं झाड म्हणजे साडेदहा मीटर. तेच तुमच्या २८ मिमीच्या मापाने (साधारण १:५६) पावणेसात. आंबा नाही तर नाही, पेरू म्हणा! गवत मात्र २ मिमीचं घेऊ नका, कापलेली हिरवळ वाटते. ४ आणि ६ मिमी मिसळून वापरा. दगडी भिंतीचे शीट कुठल्याही स्केलचे खपून जातात, विटांचे नाही.

खिशात बेससकट एक रंगवलेला सैनिक आणि १५ सेमीची स्टीलची पट्टी ठेवा. डब्यावरच्या फोटोवर जाऊ नका.

पाव_इंची: बाहुलीघरं १:४८ मध्ये करणाऱ्यांना अमेरिकन ओ थेट चालतं. पण डबा वाचा: ब्रिटिश ओ १:४३.५, युरोपातलं बहुधा १:४५. जुन्या मालाच्या टेबलावर किट उघडून भिंती मोजून घ्या. रेझिनची भिंत वाकडी असली तरी हरकत नाही. गरम पाण्यात मऊ करून काचेवर सपाट दाबून गार होऊ द्यायची. जुन्या व्हाइट मेटलमध्ये (ओतीव मिश्रधातूच्या भागांत) शिसं असू शकतं, हात धुवा.

खडी_आणि_गोंद: बेससाठी बॅलास्ट (रुळांखालची बारीक खडी) घेणार असाल तर खऱ्या दगडाचं घ्या. अक्रोडाच्या टरफलांचं हलकं असतं, गोंद सोडला की तरंगतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं, मग फेविकॉल १ भाग, पाणी २ भाग, भांड्याच्या साबणाचा थेंब, आणि ड्रॉपरने कडेकडून सोडायचं. कोरड्या खडीवर थेट टाकलंत तर गोंदाचे मणी होतात आणि खळगे पडतात.

लेआउटवाल्यांना (मांडलेल्या रुळांवर गाड्या चालवणाऱ्यांना) गाडी क्रॉसिंगवर असताना प्रश्न विचारू नका. बाकी वेळी भरभरून बोलतात. प्रदर्शन चार इमारतींत असतं आणि मधे थंडी, त्यामुळे फोमची झाडं शेवटी घ्या. पुढे भारतात आणायचं असेल तर एनॅमल थिनर, स्प्रे पेंट, प्लास्टिक सिमेंट विमानात चालत नाही.

रंगपेटी: ओची घरं टेबल खाऊन टाकतील ना? १२ मीटरची दर्शनी बाजू म्हणजे २५ सेमी.

डेपोमास्तर: मग पार्श्वभूमीची घरं मागा, दर्शनी भिंत आणि मागे ३-४ सेमी जाडी एवढंच असतं. टेबलाच्या कडेला लावा.