‘सारवान कायद्याचा प्रश्न’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : शेताच्या दाव्यात खालच्या कोर्टात हरलो, जिल्हा न्यायालयातही अपील फेटाळलं. वकील म्हणतात, सेकंड अपिलाला ‘सारवान कायद्याचा प्रश्न’ लागतो. समोरचा साक्षीदार धडधडीत खोटं बोलला, हा कायद्याचा प्रश्न नाही का? आणि सारवान म्हणजे महत्त्वाचा, एवढंच ना?

उत्तर : साक्षीदार खरा की खोटा, पैसे दिले की नाही, कब्जा कोणाचा, हे वस्तुस्थितीचे प्रश्न. त्यांचा निवाडा पुराव्यावरून होतो आणि जिल्हा न्यायालयापर्यंत तो पुन्हा तपासून मिळतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खालच्या पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही खुले असतात. कलम 100 खाली सेकंड अपील, म्हणजे दुसरं अपील, घेऊन उच्च न्यायालयात गेलं की पुराव्याचं वजन पुन्हा करता येत नाही.

कायद्याचा प्रश्न वेगळा. आपल्याकडच्या जुन्या मुदतखरेदीच्या दस्तांचं, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत करायची अशा बोलीवर केलेल्या विक्रीचं, उदाहरण घ्या. सही कोणी केली, रक्कम किती दिली, ही वस्तुस्थिती. पण त्याच मजकुरावरून व्यवहार गहाणाचा की खऱ्या विक्रीचा हे ठरवणं म्हणजे दस्ताचा अर्थ लावणं, आणि तो कायद्याचा प्रश्न. जमीन परत करण्याची अट विक्रीच्याच दस्तात नसेल तर व्यवहार गहाण मानता येत नाही, ही तरतूद 1929 साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आली. अशा प्रश्नावर वरचं कोर्ट खालच्याचं मत बांधील धरत नाही. साक्षीदाराला बोलताना मूळ न्यायाधीशाने पाहिलेलं असतं, म्हणून वस्तुस्थितीच्या प्रश्नात त्याच्या मताला मान असतो. दस्त आणि कलम मात्र दोघांसमोर सारखंच असतं.

‘सारवान’ला ‘महत्त्वाचा’ म्हणणं मला पटत नाही. पक्षकाराला आपली जमीन महत्त्वाचीच असते, आणि या शब्दामुळे त्याची खोटी आशा वाढते. 1962 साली चुनीलाल मेहता विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली: प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट, भरीव परिणाम करणारा असावा; शिवाय तो अजून सुटलेला नसावा किंवा त्यावर दोन मतांना खरोखर जागा असावी. ठरलेलं तत्त्व नुसतं लावायचं असेल तर प्रश्न कितीही मोठ्या रकमेचा असो, सारवान नाही. कलम 100 मध्ये सारवान प्रश्नाची अट मात्र नंतर, 1976 च्या दुरुस्तीने आली. तोवर निकाल कायद्याविरुद्ध आहे एवढं दाखवलं तरी चालत असे.

प्रश्न : म्हणजे खोट्या साक्षीवर काहीच उपाय नाही?

उत्तर : वाट आहे, पण अरुंद. निष्कर्षाला पुरावाच नसेल, किंवा निकाल फिरवू शकेल असा पुरावा कोर्टाने पाहिलाच नसेल, तर तो दोष कायद्याचा ठरतो. अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जात, प्रश्न नेमक्या शब्दांत लिहावा लागतो आणि अपील दाखल करून घेताना न्यायालयाला तो स्वतः निश्चित करावा लागतो. प्रश्न न काढता दिलेले निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून परत पाठवले आहेत. म्हणून ‘साक्षीदारावर विश्वास ठेवला ही चूक’ असं लिहून उपयोग नाही. रेकॉर्डमध्ये तसं असेल तर असं लिहा : ‘उलटतपासणीत दिलेली कबुली विचारात न घेता कब्जाचा निष्कर्ष काढणं कायद्याने टिकतं का?’