काठी कुठल्या हातात धरता? तुमचे अनुभव लिहा

शहापूर, बेळगाव

गेल्या वर्षी मृगाच्या पावसात परड्यात पाय घसरला आणि उजवा घोटा मोडला. प्लास्टर उतरल्यावर वॉकर, वॉकर सुटल्यावर काठी. माळ्यावर सासऱ्यांची शिसवी काठी होतीच, वाकड्या मुठीची, टोकाला पितळी कडं. घरात असताना विकत कशाला, म्हणून तीच पुसून घेतली. दुखरा पाय उजवा, म्हणून काठीही उजव्याच हातात. दोन आठवड्यांत घोटा राहिला बाजूला, खांदा आणि कंबर धरली.

फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी काठी काढून डाव्या हातात दिली. म्हणाल्या, "उजवा पाय पुढं टाकला की डावा हात आपसूक पुढं जातो की नाही? मग काठी त्याच हातात." दुखऱ्या पायावर भार येतो तेव्हा पलीकडून काठी त्यातला थोडा उचलते. दुखऱ्या बाजूलाच धरली तर सगळं अंग तिकडं कलतं. मग उंची पाहिली. नेहमीची चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाची घडी येते तिथं मूठ. म्हणजे टेकल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. सासरे उंच, मी पाच फूट दोन. काठी चार बोटं जादा.

कापायची म्हटल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. सुतारानं कडं काढलं, करवत टेकवली आणि थांबला. "नक्की ना वहिनी? परत जोडता येत नाही." तो शिसवी तुकडा मी पिशवीत घालून घरी आणला. कड्याच्या जागी आता रबरी बूट आहे.

तुमचं काय? दुकानांची नावं नकोत, काठीचं सांगा.

जांबोटी बाजू, खानापूर तालुका

आमच्याकडं काठी विकत कोण घेतंय ओ, बांधावर वेळू हाय. पण दिसला की तोडला असं चालत नाही. पोकळ वेळू नुसता जाड दिसतो, उन्हात तडकला की तळहाताचं कातडं चिमटीत धरतो. भरीव पाहिजे, बुंध्याकडचा, पेरं जवळजवळ असलेला, आणि तीन वर्षांचा तरी. पहिल्या वर्षाचा कोवळा तोडला की कीड लागते, कोपऱ्यात उभ्या काठीखाली पिवळं पीठ साठायला लागतं. आजोबा पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचे. मग ओढ्यात बुडवून ठेवायचा, सावलीत उभा वाळवायचा, चुलीच्या धुरावर टांगायचा. वाकडा असला तर आरावर शेकून गुडघ्याला लावून सरळ करायचा. हे शेकणं बघायला मला फार आवडायचं, वेळू गरम झाला की घाम आल्यासारखा चकाकतो.

आणि वरच्या ताईंचं मनगटाचं माप गुराख्याला लावू नका. आमची काठी छातीला लागते. उतारावर ती आपल्या आधी खाली टेकावी लागते, आखूड काठीवर माणूस ओणवा होतो. पोरं कारवीची घेतात. सरळ असते, हलकी असते, कुडाच्या भिंतीला झकास. अंगाचा भार टाकाल तर दगा देईल.

निपाणी

वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. अर्धांगाचा हलका झटका आला, डावी बाजू गेली. बरेच जण म्हणाले चार पायांची काठी घ्या, पडत नाही. घेतली.

आमचं घर जुनं, शहाबादी फरशी खालीवर झालेली. चारातला एक पाय कायम अधांतरी. पाऊल टाकलं की खट्, हलली की परत खट्. रात्री त्या आवाजावरून मला कळायचं, बाबा उठले. ही काठी चारही पाय एकदम टेकले तरच खरी, आणि बाबा घाईत मागचे दोनच टेकवायचे. उंबऱ्यावर ती अर्धी आत, अर्धी बाहेर. मोरीकडं जाताना एकदा कलले, भिंत होती म्हणून वाचले.

खरी गंमत नंतर कळली. गंमत कसली, चूकच. त्या काठीला उजवं-डावं असतं. बाहेर पसरलेले पाय अंगापासून लांब हवेत, सपाट बाजू पायाकडं. आम्ही महिनाभर उलटी वापरत होतो आणि बाबांचं पाऊल तिच्या पायात अडकत होतं. बटण दाबून मूठ फिरवली, दोन मिनिटांचं काम. उंबऱ्याला सिमेंटचा उतार केला, मोरीपर्यंतची फरशी उपसून नवी बसवली. काठीपेक्षा फरशीला जास्त पैसे गेले.

अनगोळ, बेळगाव

मी चाळिशीतला, पण राजहंसगडावरून उतरताना गुडघे बोलतात. ट्रेकिंगच्या दोन काठ्या घेतल्या आणि पहिल्या वर्षी चुकीच्या वापरल्या. सपाटीवर कोपराचा काटकोन होईल एवढी लांबी, चढाला दोन-चार बोटं आखूड, उताराला तेवढीच लांब. दोरीच्या फासात हात खालून वर घालायचा आणि मग मूठ धरायची, म्हणजे भार दोरी घेते, बोटं आवळावी लागत नाहीत.

आपल्याकडचा दगड जांभा. उन्हाळ्यात खरखरीत, पावसात शेवाळ धरला की साबण. रबरी टोपण तिथं घसरतं. टोपण काढलं की आतलं टंग्स्टन कार्बाईडचं टोक जांभ्यात रुततं. डांबरी रस्त्यावर मात्र टोपण परत लावा, नाहीतर गावातली सगळी कुत्री मागं लागतात.

माझी काठी पिरगाळून घट्ट करायच्या जातीची. कणकुंबीच्या पावसात भिजवली आणि तशीच गाडीत टाकली. पुढच्या वेळी जोड उघडेना, आणि उघडल्यावर आवळेना. आता घरी आलं की तिन्ही तुकडे सुटे करून वाळवतो. जोडात तेल घालू नका, मग पकडतच नाही. पुढची घेईन ती बाहेरून खटका असलेली.

हुक्केरी

नातू लिहून घेतोय. मी सत्तर पार. बाजारात काठी मागितली तर दुकानदारानं कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु एत्तर?" किती उंच. मी म्हटलं, माझ्याकडं बघ आणि दे. त्यानं बटणाची दिली, भोकाभोकानं वर-खाली होणारी. बरी आहे. चालताना खुळखुळते एवढंच.

२०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून मी फिरतेय, सौंदत्तीच्या डोंगरालाही दोनदा गेले. पण बसची पहिली पायरी किती उंच! दोन्ही हात दांड्याला लागतात, मग काठी कुठं धरायची? मुठीला नाडीचा फास लावून घेतलाय, मनगटात अडकवते. पायऱ्यांचं सुनेनं शिकवलं ते मी असं लक्षात ठेवते: चढताना शहाणा पाय पुढं, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. उतरताना मागून ढकलतात त्यांना काय शिकवायचं?

टिळकवाडी, बेळगाव

माझी काठी पांढरी. तिच्यावर अंगाचा भार टाकायचा नसतो, हे आधी सांगतो, कारण लोक "पडाल हो" म्हणून तिचंच टोक धरून मला ओढतात. डोळ्यांवर हात ठेवण्यासारखं आहे ते. मदत करायची तर तुमचं कोपर पुढं करा, मी धरेन.

हिची उंची छातीच्या मधल्या हाडापर्यंत. समोर खांद्याएवढ्या रुंदीत डावी-उजवी हलवायची. डावा पाय पुढं पडतो तेव्हा टोक उजवीकडं टेकतं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधी तपासून होते. उघडं गटार, खचलेली फरशी, पायरी ती सांगते. फुटपाथवर लावलेल्या मोटरसायकलचा आरसा सांगत नाही, तो सरळ बरगडीत बसतो. कमरेच्या वरचं काहीच साध्या काठीला कळत नाही.

माझी घडीची आहे, आत इलास्टिक. ते सैल झालं की ऐन रस्त्यात काठीचा हार होतो. टोक झिजलं की आवाज बदलतो. सिमेंट आणि डांबर यांतला फरक मी त्या आवाजावरूनच ओळखतो.

चंदगड रस्ता, बेळगाव

रबरी बूट किती दिवसांनी बदलायचा? आईचा तर तळ गुळगुळीत झालाय.

शहापूर, बेळगाव

आजच बदला. तळाच्या रेघा दिसेनाशा झाल्या की ओल्या फरशीवर तो घसरतोच. औषधाच्या दुकानात मिळतो, पण जाताना काठीच घेऊन जा. मी अंदाजानं आणलेला सैल निघाला आणि न्हाणीघरात काठी माझ्याबरोबर आली, बूट तिथंच चिकटून राहिला.

आणि जांबोटीचे दादा, वेळूला तेल कुठलं लावता? आमच्या शिसवी काठीला सासूबाई परवा आपणहून जवस तेलाचा बोळा फिरवत होत्या.