मदत हवी आहे: मायएसक्यूएल डेटाबेसच्या ५.७ आणि ८.० दोन्ही आवृत्त्यांवर चालणारी इंडेक्सची एकच फाइल

मंडळी, इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक दुकानाचं बिलिंग मी बघतो. दुकानात ५.७ आहे, अन्नपूर्णा रोडच्या नव्या शाखेत ८.०. गिऱ्हाईक मोबाईल नंबरावरून शोधतात, पण कुठे आधी +९१ लावलंय, कुठे शून्य. म्हणून शेवटच्या १० आकड्यांवर, म्हणजे राइट(मोबाईल, १०) वर इंडेक्स (शोध झटपट लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) हवा.

८.० वर दुहेरी कंसात लिहिल्यावर बनला. एकेरी कंसात १०६४ (लिहिण्यात चूक असल्याची) एरर येते. ५.७ वर कसाही लिहा, १०६४च. असा इंडेक्स करायची सोयच ८.०.१३ पासूनची. ती ओळ /*!८००१३ … */ अशा आवृत्तीवाल्या कॉमेंटमध्ये टाकली, तर ५.७ ती मुकाट्याने सोडून देतो. तिथवर ठीक. पण ही कॉमेंट ‘या आवृत्तीपासून पुढे’ एवढंच सांगते. ‘याच्या आधीच्यांसाठी’ असं काही तिच्यात सांगता येत नाही.

५.७ साठी जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमावरून आपोआप भरणारा) सुचवाल, तर तो टेबलात घालता येत नाही: जुनं सॉफ्टवेअर कॉलमांची नावं न देताच इन्सर्ट (नवी नोंद) करतं, एक कॉलम वाढला की बिल अडतं. मोबाईल(१०) हा प्रीफिक्स पहिले १० आकडे धरतो, तो इथे बिनकामाचा. ५.७ चा सपोर्ट २०२३ मध्येच संपला हे ठाऊक आहे, पण शेठजी दिवाळीआधी मशीनला हात लावू देणार नाहीत.

तर ५.७ वर शेवटच्या १० आकड्यांचं वेगळं टेबल आणि ते आपोआप भरणारा ट्रिगर हाच मार्ग आहे का? आणि तो भाग, स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसातच साठवलेला छोटा प्रोग्राम) न लिहिता, त्याच फाइलमधून फक्त ५.७ वरच कसा चालवायचा?