सचित्र आवृत्त्या जमवणाऱ्यांना 'फर्निचरवाले' म्हणणाऱ्यांस उत्तर

गंगापूर रोडकर:
स्वामित्वहक्क संपल्यामुळे ज्या कादंबऱ्या फुकट वाचता येतात, त्यांच्या चामडी बांधणीच्या सचित्र आवृत्त्यांवर हजारो रुपये घालवणारे लोक वाचक नसून फर्निचर घेणारे आहेत, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. चित्रे ही कादंबरीला मागाहून लावलेली झालर असते, हा त्यामागचा समजच खोटा आहे. डिकन्सचे 'पिकविक पेपर्स' १८३६ मध्ये मासिक हप्त्यांनी निघू लागले, तेव्हा मूळ बेत चित्रकार सीमूरच्या चित्रांना मजकुराची जोड देण्याचा होता. सीमूर वारला आणि मग डिकन्सचा मजकूर वरचढ ठरला. रॉकवेल केंटने १९३० मध्ये चितारलेली 'मोबी डिक' तीन खंडांत, अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत आली आणि तिच्या हजारच प्रती निघाल्या; परंतु त्याच चित्रांच्या एकखंडी आवृत्तीने ती कादंबरी सामान्य वाचकांपर्यंत नेली.

पंचवटीचा वाचक:
'फर्निचर' हा शब्द माझाच होता आणि तो कायम आहे. केंटचे उदाहरण आपणच काढलेत हे बरे झाले, कारण त्या एकखंडी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव होते, लेखक मेल्व्हिलचे नव्हते! न्यूयॉर्कच्या लिमिटेड एडिशन्स क्लबने १९३५ मध्ये 'युलिसिस' काढले, तेव्हा चित्रकार मातीसने जॉइसची कादंबरी बाजूला ठेवून होमरच्या 'ओडिसी'तले प्रसंग रंगवले. १५०० प्रतींवर मातीसची सही आहे. जॉइसची मात्र २५० प्रतींवर. घेणारे लोक मजकूर वाचत असते, तर हे कसे चालून गेले असते?

कापडी बांधणी:
आपण दोघेही नाशिकचा पावसाळा विसरलात. आमच्या काकांनी अमेरिकेहून आणलेल्या चामडी संचावर श्रावणात पांढरी बुरशी आली आणि ती पुसताना कण्यावरची सोनेरी अक्षरेही गेली. घ्यायचेच असेल तर लंडनच्या फोलिओ सोसायटीसारख्या प्रकाशकांची कापडी आवृत्ती घ्यावी, आणि मुख्य म्हणजे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले आहेत की नुसता डिंक लावला आहे ते आधी पाहावे. आपल्याकडे सहाशे रुपयांची कादंबरी दुसऱ्या वाचनात पाने सोडते, याचा राग कोणालाच कसा येत नाही?

गंगापूर रोडकर:
कापडातही खळ असते आणि खळ हे कसरीचे आवडते खाद्य आहे, तेव्हा कापडाची एवढी भलामण नको. शिवणीचा मुद्दा मान्य.

जुना दिवाळी अंकवाला:
डिंकाचे दुःख फार किरकोळ आहे. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे ही आपली सचित्र परंपरा. ती आपल्याच ग्रंथालयांनी मारली. एका ग्रंथालयात मी दलालांचे मुखपृष्ठ असलेली कादंबरी मागितली, तेव्हा हातात आले ते तपकिरी रेक्झिनचे ठोकळ्यासारखे पुस्तक. मुखपृष्ठ फाडून टाकलेले आणि समास इतका कापलेला की चित्राखालची सहीही अर्धी गेलेली. परदेशी चामड्यावर वाद घालणाऱ्यांनी आधी याबद्दल बोलावे.

माजी कार्यवाह:
ग्रंथालयांवर घसरणे फार सोपे असते. मी अशा एका संस्थेचे काम पाहिले आहे. शंभर हातांतून गेलेले पुस्तक रेक्झिन घातल्याशिवाय टिकत नाही, आणि मुखपृष्ठ आत शिवून घ्यायचे तर बाइंडर प्रत्येक प्रतीमागे जादा मजुरी मागतो. ती मजुरी कोणत्या खात्यातून द्यायची, हे सांगायला एकही कलाप्रेमी वार्षिक सभेला फिरकला नाही.

जुना दिवाळी अंकवाला:
सभेला मी आलो होतो. तेव्हा आपण चहाची व्यवस्था पाहत होतात.

पंचवटीचा वाचक:
वैयक्तिक होऊ नका. एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो की, जी चित्रे ग्रंथालयाने फाडून टाकली ती एखाद्या हौशी माणसाच्या कपाटात तरी शाबूत राहिली असती. मग त्याने ते पुस्तक वाचलेले असो वा नसो.

गंगापूर रोडकर:
उपकार झाले. कार्यवाह महोदय, दलालांची मुखपृष्ठे अद्याप शाबूत असलेल्या पुस्तकांची यादी संस्थेकडून मिळवून द्या, त्यांची जादा मजुरी मी भरतो. मात्र बाइंडर समास कापायला बसेल, तेव्हा मला बोलवावे, एवढी अट आहे.