मदत हवी: शाळेच्या रग्बी संघाला टॅकल शिकवतोय, पण कबड्डीची पकड सुटत नाही

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी हायस्कूलात मी शारीरिक शिक्षक आहे. यंदा शाळा सुरू झाल्यापासून आठवी ते दहावीच्या मुलांचा रग्बीचा संघ बांधतोय. आम्ही सेव्हन्स खेळतो, म्हणजे ऑलिंपिकमध्ये २०१६ ला आला तो प्रकार: सात-सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. पंधराचा संघ उभा राहील एवढी मुलंही नाहीत, आणि त्या मोठ्या स्क्रममध्ये (दोन्ही संघ वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तो प्रकार) मानेवर येणारा जोर या वयात मला नकोच आहे.

पावसाळा मस्त गेला. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, जुलैत आमच्या मैदानावर दुसरा कुठला खेळ होतच नाही. चिखलात, निसरड्या बॉलवर मुलं पासिंग शिकली. बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागच्याकडेच द्यायचा, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. आता मात्र न सांगता तिरक्या रांगेत धावतात. मधे तालुक्याच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धांना निम्मी मुलं गेली, मग दसऱ्याची सुट्टी, मग सुगी. सुगीत पोरं शिवारात असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. आता सुगी आटपली की जानेवारीपर्यंतचे दिवस खरे हातात आहेत. त्यानंतर दहावीची मुलं एसएसएलसीच्या अभ्यासाला लागतील.

आतापर्यंत टचच खेळलो, म्हणजे पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. आता टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून खाली पाडणं, सुरू केलाय आणि अडचण तिथेच आहे. आमची सगळी मुलं कबड्डीतली, काही तालमीतली. ताकद आणि धाडस भरपूर. पण कबड्डीत धरलेला गडी सोडायचा नसतो, आणि रग्बीत खाली आणला की लगेच सोडावा लागतो. आमची मुलं सोडत नाहीत, त्यावर पेनल्टी जाते. ते एक वेळ चालेल. मला काळजी आहे ती दोन गोष्टींची. एक तर चढाईवाल्याला उचलून आपटायची सवय. रग्बीत उचललेला खेळाडू डोक्यावर किंवा मानेवर पडला तर रेड कार्ड, आणि ते योग्यच आहे. दुसरं म्हणजे अँकल होल्डसाठी (घोटा धरायला) समोरून सूर मारणं, त्यात डोकं सरळ धावणाऱ्याच्या गुडघ्यासमोर येतं.

गेल्या आठवड्यात तसंच झालं. नववीचा एक मुलगा, चपळ, संघातला सगळ्यात चांगला, त्याच्या कानशिलाला गुडघा लागला. उठला, हसला, ‘काय नाही सर’ म्हणाला आणि उलट्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग स्कोअर विचारला, सांगितला, मिनिटभरात पुन्हा तोच प्रश्न. मी लगेच बाहेर काढलं, दवाखान्यात नेलं. आता तो ठीक आहे, सुटीच्या तासाला रोज येऊन ‘कधी खेळू’ विचारतो. त्याच्या आजोबांना रग्बीची भीती आहे, पण पुढच्या पंधरवड्यात गावच्या जत्रेत त्याची कुस्ती मात्र त्यांनी धरलीय.

त्यात मैदान. डिसेंबरात आमची तांबडी माती दगडासारखी होते. मॅट घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत.

तर जाणकारांनी सांगा: ही पकड सुटावी म्हणून टॅकल कुठल्या क्रमाने शिकवायचा? त्या मुलाला कधी परत घ्यायचं? आणि सरावाला सामने कुणाशी खेळायचे? सरकारी स्पर्धा आम्हाला कर्नाटकातूनच खेळायच्या आहेत, पण मैत्रीपूर्ण सामन्याला महाराष्ट्रातलं चंदगड, गडहिंग्लज आम्हाला जवळ पडतं. तिकडे कुठल्या शाळेत रग्बी चालत असेल तर जरूर कळवा.

प्रतिसाद १ (कोल्हापूर, शालेय मुलांना शिकवतो)

सर, पहिल्यांदा त्या मुलाचं. डोक्याला मार लागून गोंधळला, म्हणजे कन्कशन (मेंदूला बसलेला धक्का) धरूनच चालायचं. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे शालेय खेळाडू किमान २१ दिवस सामन्यात उतरत नाही. तेही पायरीपायरीने: आधी चालणं, हलकं धावणं, मग पासिंग, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच टॅकल. मधे डोकं दुखलं, गरगरलं तर एक पायरी मागे. जत्रेची कुस्ती तर अजिबात नको. आजोबांना तुम्ही स्वतः घरी जाऊन भेटा, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. पहिली दुखापत भरायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं, हे त्यांना स्पष्ट सांगा.

टॅकल उभ्याने सुरूच करू नका. दोघंही गुडघ्यावर, मग एक गुडघ्यावर एक चालत, मग दोघं चालत, शेवटी धावत. प्रत्येक वेळी डोकं कुठे आहे ते बघा: गाल समोरच्याच्या नितंबाला बाजूने टेकलेला, नजर वर, डोकं कधीच त्याच्या वाटेत नाही. तुमच्याकडे तालमीतली मुलं आहेत म्हणता, मग त्यांनाच पुढे करा. दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) काढताना खांदा आत आणि डोकं बाजूला, हे वस्तादांनी त्यांना आधीच शिकवलेलं असतं. फक्त पटात उचलतात, इथे पाय जमिनीवरून सुटू द्यायचे नाहीत.

सोडण्यासाठी मी असं करतो: टॅकल पूर्ण झाला की टॅकल करणाऱ्याने दोन्ही हात वर दाखवायचे, उठायचं, मगच बॉलला हात. जो आधी उठेल त्याला बॉल. कबड्डीच्या मुलांना हे पटकन जमतं, कारण त्यांना जिंकायला आवडतं.

प्रतिसाद २ (बेळगाव, निवृत्त जवान)

सर, मॅटची काळजी करू नका. तालमीचा हौदा आहे की! खणलेली मऊ माती, सकाळी तालीम झाल्यावर वस्तादांना विचारून तासभर घ्या. धावत टॅकलसाठी हौदा अपुरा पडेल, तेव्हा मैदानाचा एक कोपरा आदल्या संध्याकाळी पाणी मारून, कुदळून घ्या. सुगी झालीय, पिंजर (भाताचा पेंढा) कुणीही फुकट देईल. दोन पोती एकात एक घालून गच्च भरा, टॅकल बॅग तयार. गमशील्ड मात्र प्रत्येकाला हवंच, गरम पाण्यात घालून दातांवर बसवायचं मिळतं ते पुरे.

मी फौजेत खेळलोय. रविवारी यायला तयार आहे, फक्त बसच्या वेळा कळवा.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आजोबांना काल डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ते स्वतः जुने पैलवान, बराच वेळ गप्प बसले, मग जत्रा कमिटीच्या माणसाला फोन लावून नातवाची कुस्ती रद्द केली. वस्तादांनी शनिवारची सकाळ दिलीय.

फौजी साहेब, रविवारी सकाळी खानापूर स्टँडवर उतरा, तिथून मी गाडीवर घेऊन येतो. निघायची वेळ व्यक्तिगत निरोपात कळवतो. चंदगड-गडहिंग्लजच्या सामन्याचं अजून कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा, डिसेंबरातला कुठलाही शनिवार चालेल.