२५ एप्रिलची ॲन्झॅक डे मॅच: एसेंडनचं काही खरं आहे का? (आणि त्याच दिवशी घरात लग्न आहे)

लातूरचा_बॉम्बर
२० एप्रिल २०२५, रात्री १०:५२

राम राम मंडळी. सगळे आयपीएलमध्ये गुंतलेत आणि मी हे विचारायलो, हसू नका. येत्या शुक्रवारी, २५ तारखेला, मेलबर्नच्या एमसीजीवर कॉलिंगवूड विरुद्ध एसेंडन आहे, ऑस्ट्रेलियन फुटबॉलची ॲन्झॅक डेची (तिकडचा सैनिकांचा स्मृतिदिन) मॅच. मी एसेंडनवाला. कसा झालो ते थोडक्यात सांगतो. ताईचं घर तिकडं विमानतळाच्या बाजूला, दाजी कार्गोत कामाला, आणि एसेंडनचं सरावाचं ठिकाण तिथंच टुलामरीनला आहे, द हँगर म्हणतात त्याला. दाजी येता जाता बघायचे, मग त्यांना नाद लागला, मग फोनवर माझं डोकं खायला लागले, आणि तीन वर्षांखाली ताई आली तर माझ्यासाठी काय आणलं तर काळा-लाल लोकरीचा मफलर. लातुरात. ऐन मे महिन्यात. आईनं डांबरगोळ्या टाकून कपाटात ठेवलाय, वर्षातून एकदा २५ एप्रिलला बाहेर निघतो, आणि ४१ डिग्रीत तो गळ्यात घालून बसलो की गल्लीतली पोरं विचारतेत काका सर्दी झाली का.

तर मुद्दा असा. या सीझनला पहिल्या दोन मॅच हरलो, हॉथॉर्नकडून आणि ॲडलेडकडून, ॲडलेडनं तर पार धुतलं. मग पोर्ट ॲडलेड, मेलबर्न, वेस्ट कोस्ट अशा सलग तीन जिंकलो. पाचात तीन म्हणजे कागदावर बरं दिसतं, पण वेस्ट कोस्टसारख्या तळाच्या टीमनं शेवटपर्यंत जीव टांगणीला लावला होता हे बघितलेल्याला माहिती. तिकडं कॉलिंगवूड पहिलीच मॅच जीडब्ल्यूएसकडून (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) वाईट हरले आणि तेव्हापासून सलग पाच जिंकलेत, परवा गुरुवारी तर गेल्या वर्षीच्या चॅम्पियन ब्रिस्बेनला त्यांच्याच गॅबावर पन्नासच्या वर फरकानं हाणलं. मी ती मॅच बघितली आणि जेवण गेलं नाही.

आमची शेवटची ट्रॉफी २००० ची. त्या सीझनला अख्ख्या वर्षात एकच मॅच हरले होते म्हणे, दाजी रोज सांगतात. आणि फायनल्समधली, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधली, शेवटची मॅच जिंकली २००४ ला, तेव्हा मी सातवीत होतो, आता माझी पोरगी पहिलीला आहे.

विचारायचं हे की कॉलिंगवूडच्या निक डेकॉसच्या मागं एक माणूस चिकटवून ठेवावा का मोकळं सोडून आपला खेळ खेळावा? आणि दुसरं, जास्त अवघड. त्याच दिवशी मामेभावाचं लग्न आहे औशाला, मुहूर्त १२:३५ चा. मॅच तिथल्या ३:२० ला म्हणजे आपल्या १०:५० ला चालू. मुहूर्त १२:३५ म्हणजे अक्षता पडायला एक वाजणारच, आणि एक वाजता बरोबर शेवटची क्वार्टर चालू असणार. काय करावं?

---

गोदाकाठचा_मॅगपाय
२० एप्रिल, रात्री ११:३०

लातूरकर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. काही खरं नाही तुमचं. 😄

मी नांदेडचा, कॉलिंगवूडवाला, त्यामुळं मीठ लावून वाचा. पण खरं सांगू का, या मॅचला सीझनचा फॉर्म लागू होत नाही. २०२३ आठवतं का? तीन क्वार्टर झाल्या तेव्हा एसेंडन २८ पॉइंटनी पुढं होतं. मी लॅपटॉप बंद करून भाजी आणायला गेलो. आलो तर आम्ही १३ नी जिंकलेलो, ९०-७७. तेव्हापासून घरात नियमच आहे की मॅच चालू असताना मला भाजीला पाठवायचं नाही. आणि गेल्या वर्षी काय झालं, ८५-८५, बरोबरी. अडीच तास बघायचं आणि शेवटी कुणीच नाही जिंकलं, दोन्हीकडची पोरं मैदानावर आडवी पडलेली.

डेकॉसचं म्हणाल तर २०२३ ला त्यानं ४० वेळा चेंडू खेळवला होता आणि मॅचचं मेडल नेलं, वय २०. बाप पीटर डेकॉस कॉलिंगवूडचाच, थोरला भाऊ जॉश त्याच टीममध्ये. वाड्यातलीच गोष्ट आहे सगळी. माझं मत असं की त्याला एकट्याला धरून काही उपयोग नाही, तुम्ही त्याला धरलं की आमचा पेंडलबरी मोकळा. ३७ वर्षांचा माणूस आहे, २००६ पासून खेळायलाय, पळायला काही फार फास्ट नाही, पण चेंडू हातात आला की आजूबाजूचे सगळे घाईत आणि हा एकटा पारावर बसल्यासारखा. त्याला बघून मला आमच्या गावच्या तलाठ्याची आठवण येते, कितीबी गर्दी असली तरी त्याचं काम त्याच्याच स्पीडनं.

एसेंडननं करायचं काय तर सेंटरला पहिला चेंडू जिंकायचा आणि घाईत लांब ठोकायचा नाही. तुमची पोरं घाबरली की नुसती लांब ठोकतेत, आणि आमच्या मागच्या फळीत डार्सी मूर उभाच असतो झेलायला. तिथून आम्ही उलटं निघालो की संपलं. छोटे छोटे पास, झेल, पुन्हा पास, असं पुढं सरका. तुमच्या मेरेटला जमतं ते, बाकीच्यांचं मला माहीत नाही.

माझा अंदाज, आम्ही २५ च्या आसपास पॉइंटनी जिंकू.

---

पाथरी_एक्सप्रेस
२१ एप्रिल, सकाळी ७:१५

आम्ही जगात जर्मनी भारतात परभणीवाले, हे मधेच मेलबर्न कुठून काढलं राव. हे रग्बी आहे का? आणि ८५-८५ कसला स्कोअर, फुटबॉलमध्ये २-१ असतं. मी एकदा क्लिप बघितली, एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर चढून चेंडू झेलला, आणि रेफ्रीनं शिट्टी वाजवली पण फाऊल नाही दिला. हे काय आहे नेमकं. कुणीतरी साध्या भाषेत सांगा.

---

मांजराकाठी
२१ एप्रिल, सकाळी ८:४०

पाथरीकर, रग्बी नाही. मैदान क्रिकेटचं, गोलसर, एमसीजीवरच जिथं कोहलीनं २०२२ ला पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८२ मारल्या तेच. खेळच मुळात क्रिकेटवाल्यांनी काढला, हिवाळ्यात पोरं सुस्त पडू नयेत म्हणून, १८५९ ला मेलबर्नमध्ये नियम लिहिले. एका बाजूला १८ जण, ऑफसाइड वगैरे काही भानगड नाही. चेंडू हातात घेऊन पळता येतं पण दर १५ मीटरला जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा किंवा लाथेनं. लाथेनं १५ मीटरच्या वर आलेला चेंडू तुम्ही हवेत झेलला की तुमचा, थांबून निवांत किक मारा. ती शिट्टी झेलाची होती. त्या झेलासाठीच खांद्यावर चढतेत आणि ते चालतं. पकडायचं म्हणलं तर खांद्याच्या खाली गुडघ्याच्या वर, म्हणजे कबड्डीत आपण कंबर धरतो तसंच.

स्कोअर असा की दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला की गोल, ६ पॉइंट. बाजूच्या खांबातून गेला की बिहाइंड, १ पॉइंट. म्हणजे चुकला तरी एक मार्क देतेत, आपल्या बोर्डाच्या पेपरसारखं. गोल झाला की तिथला अंपायर दोन्ही हातांची बोटं पिस्तुलासारखी पुढं करतो आणि मग दोन पांढरे झेंडे हलवतो, ते बघायलाच मजा येते.

१९९५ ला ही ॲन्झॅक डेची मॅच या दोघांत सुरू झाली, एसेंडनचा कोच केविन शीडी मागं लागला होता. पहिल्याच वर्षी काय झालं बघा: कॉलिंगवूड १७ गोल ९ बिहाइंड, एसेंडन १६ गोल १५ बिहाइंड. ते १७.९ आणि १६.१५ असं लिहितेत. हिशेब करा. १७ सक १०२ आणि ९, १११. १६ सक ९६ आणि १५, १११. बरोबरी! एकानं गोल जास्त मारला, दुसऱ्यानं चुका जास्त केल्या, आणि चुकांनीच वाचवलं. ९४,८२५ माणूस होतं त्या दिवशी.

---

पाथरी_एक्सप्रेस
२१ एप्रिल, सकाळी ९:०२

चुकांचे मार्क मिळतेत म्हणल्यावर मी एसेंडनकडून.

---

लातूरचा_बॉम्बर
२१ एप्रिल, सकाळी ९:२०

स्वागत आहे, दुःखात सामील व्हा.

टप्प्यावरून आठवलं, दाजींनी पाठवलेला शेरिन कंपनीचा खरा चेंडू आहे माझ्याकडं, लाल चामड्याचा, लंबगोल. गेल्या उन्हाळ्यात शेतात नेला होता. आपली काळी जमीन, एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, तिथं टप्पा दिला की चेंडू कुठं जाईल ते त्याला स्वतःलाबी माहीत नाही. एकदा सरळ माझ्या नाकावर. सालगड्याचं पोरगं मात्र तिसऱ्या दिवशी पळता पळता टप्पा द्यायला शिकलं, चेंडूचं टोक थोडं खाली करून पुढं टाकायचा असतो हे त्याचं त्यानं शोधलं. खो-खो खेळतं ते, वाकून पळायची सवय आहे.

मॅगपाय, लांब ठोकायचं म्हणलास ते मान्य. त्याचाच राग येतो मला.

---

अंबाजोगाईकर_मेलबर्नात
२१ एप्रिल, दुपारी १:१०

अरे वा, आपल्याकडं यावर बोलणारे आहेत! मी इथं नऊ वर्षं आहे, शुक्रवारी जाणार आहे, तिकिटं आधीच काढलीत, शेन वॉर्न स्टँडला वरच्या मजल्यावर. कुठल्याच टीमचा नाही, बायको कॉलिंगवूडची आणि शेजारी एसेंडनचा, मला दोन्ही घरी जेवायचं असतं.

फॉर्म बघितला तर मॅगपायचं खरं आहे, पण टीव्हीवर जे दिसत नाही ते सांगतो. २०२३ ला मी होतो तिथं, ९५,१७९ लोक. सकाळी अंधारात शहीद स्मारकावर डॉन सर्व्हिस (पहाटेची श्रद्धांजली सभा) असते, १९१५ ला याच तारखेला पहाटे गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची पोरं उतरवली होती त्याची आठवण. गॅलिपोलीला आपले भारतीय सैनिकही होते, शीख, गुरखे, खेचरांच्या तुकड्या, हे इथं बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या निजामाचे हैदराबाद लान्सर्स त्याच महायुद्धात तिकडं सिनाय-पॅलेस्टाईनला होते, आता त्यात आपल्या बाजूची कोणती पोरं गेली असतील कुणास ठाऊक.

दुपारी मॅचच्या आधी दोन्ही टीम समोरासमोर ओळीत उभ्या राहतात, बिगुलवर लास्ट पोस्ट ही शहिदांसाठीची धून वाजते आणि मग एक मिनिट शांतता. ९५ हजार माणूस आणि आवाज फक्त वर फिरणाऱ्या सीगल पक्ष्यांचा. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे बसलेले, छातीवर मेडल, हातात बटाट्याच्या चिप्सचा पुडा होता तो त्यांनी चुरगळू नये म्हणून मांडीवर दोन्ही हातांनी अलगद धरून ठेवलेला. मिनिट संपलं आणि जो आवाज उठला ना, माझ्या पोटात गडगडलं. त्या आवाजात पहिली पाच-दहा मिनिटं खेळाडूंचंही डोकं ठिकाणावर नसतं असं मला वाटतं. म्हणून फॉर्मवर जाऊ नका, पहिल्या क्वार्टरमध्ये एसेंडन पुढं असेल असा माझा अंदाज. टिकवतील का हा वेगळा प्रश्न.

बाय द वे, मेसन कॉक्स म्हणून कॉलिंगवूडचा अमेरिकन आहे, २११ सेंटिमीटर, आधी बास्केटबॉल खेळायचा. २०१६ ला याच मॅचमध्ये त्याचा पहिला सामना आणि पहिल्याच किकला गोल. त्या दिवसाचं असंच आहे, कुणाचं नशीब कधी उघडंल सांगता येत नाही.

बॉम्बर, तुम्ही वॉच एएफएल (मॅच ऑनलाइन बघायचं) घेतलंय ना? ते ऑस्ट्रेलियाच्या बाहेरच्यांसाठीच आहे. कार्यालयात नेट नसेल तर स्कोअर मी टाकत राहीन.

---

बीडची_सून
२१ एप्रिल, दुपारी ३:४५

मला खेळातलं काही कळत नाही पण लग्नाचा प्रश्न मी सोडवते. भाऊ, तुम्ही आहेराच्या टेबलावर बसा. मामाला आजच फोन करून सांगा की वही मी सांभाळतो, माझं अक्षर चांगलं आहे. टेबल मांडवाच्या दाराशी असतं, वर पंखा हमखास असतो, आणि वहीत नावं लिहिणाऱ्याची मान दिवसभर खालीच असते, त्याला कुणी विचारत नाही काय बघायलास. मोबाईल पाकिटांच्या ढिगाला टेकवून उभा करायचा. अक्षता पडल्या की सगळे जेवायला पळतात, आहेराची गर्दी त्याच्या आधी नाहीतर पंगत उठल्यावर. म्हणजे तुमची ती शेवटची क्वार्टर निवांत. माझ्या दिरानं असाच अख्खा वर्ल्ड कपचा सामना बघितला आणि वर मानाचा टॉवेल-टोपी घेऊन आला.

फक्त परण्याला मारुतीपर्यंत जाऊन नाचून या, म्हणजे नंतर कुणी बोलणार नाही.

---

लातूरचा_बॉम्बर
२१ एप्रिल, रात्री ९:१८

ताई, तुमच्या पाया पडतो. मामाला फोन लावला, म्हणलं वही माझ्याकडं द्या. मामा अर्धा मिनिट गप्प. मग म्हणला, गेल्या तीन लग्नांत तू वाढायलाबी उभा राहिला नाहीस, आता हे शहाणपण कुठून आलं. पण दिली.

मफलर घालून बसणार आहे. फेट्याचा रंग गुलाबी आहे, त्याला नाइलाज.

मॅगपाय, माझा अंदाज ऐकून ठेव, एसेंडन ७ नी. डेकॉसला मोकळं सोडू, खेळू दे, पण चेंडू लांब ठोकायचा नाही. ठोकला तर मी वही घेऊन मांडवातून उठणार.

---

गोदाकाठचा_मॅगपाय
२१ एप्रिल, रात्री ९:४०

७ नी! बरं. हरलास तर नांदेडला येऊन चहा पाज.

आणि ते वहीचं जरा सांभाळून. एखाद्या पाहुण्याच्या नावापुढं ५०१ च्या जागी १७.९ लिहून ठेवशील, आणि मामा पुढची दहा वर्षं त्याच्या घरी सतरा रुपये नऊ पैसे आहेर करत बसंल.