कम्युनिटी रेडिओवर विज्ञानाचा कार्यक्रम, लोक ऐकतील असा कसा करायचा?

तालुका_एफएम: आमच्या छोट्या केंद्रावर आठवड्याला अर्धा तास विज्ञानाला मिळालाय. कॉलेजच्या सरांना बोलावतो, ते येतात, कागद काढतात नि वाचतात, दहाव्या मिनिटाला गाण्याच्या फर्माइशी सुरू. काय करावं? बजेट चहापाण्यापुरतंच आहे.

जुना_अँटेना: कागद आधी काढून घ्या 😀 सरांना श्रोत्यांच्या प्रश्नांवर बोलू द्या. दूरदर्शनवर टर्निंग पॉइंट या विज्ञानाच्या कार्यक्रमात भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल प्रेक्षकांच्याच प्रश्नांना उत्तरं द्यायचे, तेही गप्पा मारल्यासारखी. आणि टायमिंग बघा. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देवळांबाहेर रांगा लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग टाकून दाखवलं की पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीवर ओढलं जातं नि पातळ थर होऊन खाली ओघळतं. महिन्याभरात २४ ऑक्टोबरला खग्रास सूर्यग्रहण आलं, ते दूरदर्शनने लाइव्ह दाखवलं, सोबत यशपाल बोलतायत. नाहीतर १९८० च्या ग्रहणाला याच दूरदर्शनने लोक घरात बसावेत म्हणून सिनेमा लावला होता!

कांदेपोहे: टीव्हीला दाखवायला ग्रहण होतं हो, रेडिओवाल्याने काय दाखवायचं? आणि दुधाचं म्हणाल तर आमच्या आळीत शास्त्रज्ञांचं ऐकून कोणी रांग सोडल्याचं आठवत नाही.

ढगोबा: रेडिओला आवाज आहे की. वळवाच्या आधी विजेवर एक भाग करा, आपल्याकडे दरवर्षी रानात माणसं-जनावरं जातात त्यात. चमक दिसली की सेकंद मोजायला लावा, गडगडाट यायला तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर, तिसाच्या आत आला तर सरळ पक्क्या घरात, झाडाखाली अजिबात नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपही सांगा. आणि एक गंमत, जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून ठेवा, लांब कुठे वीज चमकली तरी खर्रकन आवाज येतो, कारण वीज स्वतःच रेडिओ लहरी सोडते. एफएमवर ही खरखर जवळपास येतच नाही, का ते सरांना विचारा, अर्धा एपिसोड तिथेच निघेल.

कांदेपोहे: हे भारीये, मान्य.

तालुका_एफएम: ट्रान्झिस्टर आहे केंद्रात, सेल टाकून बघतो. खरखर आत्ताच रेकॉर्ड करून ठेवावी की पाऊस आला की लाइव्ह ऐकवावी?

ढगोबा: रेकॉर्ड करा. लाइव्हच्या नेमक्या वेळी तुमची लाइट जाईल.